ग्लुकोज-लॅक्टोजच्या ग्राफमध्ये पायरी येत नाही? या चुका टाळा

रविवारी सकाळी साडेसात, चहा अजून गाळायचा होता, तेवढ्यात एका ज्युनिअरचा मेसेज: "ताई, पायरी आलीच नाही." खाली ग्राफ पेपरचा फोटो, पेन्सिलने काढलेली एकच चढत गेलेली रेघ. ई. कोलाय या बॅक्टेरियाला ग्लुकोज आणि लॅक्टोज या दोन साखरा एकाच फ्लास्कमध्ये द्यायच्या, तो आधी ग्लुकोज संपवणार, मग जरा थांबणार, मग लॅक्टोजकडे वळणार आणि वाढीच्या ग्राफवर मध्येच सपाट पायरी दिसणार, हे एमएस्सी मायक्रोच्या पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. फक्त फ्लास्कमध्ये ते होत नाही.

पुण्यात मी बरीच वर्षं पोरांची ही प्रॅक्टिकल्स बघतेय, आणि दरवर्षी त्याच त्या चुका नवीन अक्षरात जर्नलमध्ये येतात. बहुतेकांचं मूळ एकच आहे, मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, साखर घातली म्हणजे ती पेशीच्या आत पोचली असं आपण गृहीत धरतो. मध्ये दार आहे, आणि खरा खेळ दारावरच चालतो, हे डोक्यात नसतं.

साखर जास्त झाली

या पोराचा घोळ आधी सांगते. त्याला म्हटलं फ्लास्कवर काय लिहिलंय त्याचा फोटो पाठव. मार्करने लिहिलेलं होतं, एम-नाइन, ग्लुकोज ०.४%, लॅक्टोज ०.४%. झालं, इथेच उत्तर मिळालं. एम-नाइन या साध्या क्षारांच्या मीडियाच्या नेहमीच्या रेसिपीत ग्लुकोज ०.४% असतं, त्याने तेच उचललं, आणि त्यात बिचाऱ्याची चूक तरी काय, रेसिपी बरोबरच आहे, पण ती नुसती वाढ हवी असेल तेव्हाची.

हिशोब करून बघा. साधारण ०.०५% ग्लुकोजवर, म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम किंवा २.८ मिलिमोलरच्या आसपास, ई. कोलाय एम-नाइनमध्ये अंदाजे ०.५ ते ०.७ ओडीपर्यंत (ओडी म्हणजे गढूळपणाचा आकडा, पेशी जास्त तसा तो जास्त) वाढतो आणि ग्लुकोज संपतं. ०.४% म्हणजे त्याच्या आठपट, तेव्हा पायरी यायची ती ओडी ४-५ च्या पुढे. ०.०५ ओडीने सुरुवात केली आणि तासाला एकदा दुप्पट होतोय असं धरलं, तर तिथे पोचायला साडेसहा-सात तास, वर सुरुवातीचा लॅग, म्हणजे वाढ सुरू होण्याआधीचा थांबा. अकरा वाजता इनॉक्युलेट केलं (पेशी टाकल्या), साडेपाचला लॅबला कुलूप, पायरी येणार संध्याकाळी सात-साडेसातला, तेव्हा ती बघायला तिथे फक्त पाल. शिवाय कॉलेजचा कलरीमीटर १ च्या वर जे आकडे दाखवतो ते देवाला सोडून द्यायचे.

म्हणून ग्लुकोज ०.०५% आणि लॅक्टोज ०.२%, एवढं पुरतं. आणि तीन फ्लास्क लावा हो, एक लावू नका. एकात नुसतं ०.०५% ग्लुकोज, एकात नुसतं लॅक्टोज, एकात दोन्ही. नुसत्या ग्लुकोजचा फ्लास्क जिथे आडवा होतो बरोबर त्याच उंचीवर दोन्हीवाल्यात पायरी दिसली पाहिजे, नाहीतर तुम्ही ज्याला पायरी म्हणताय ते दुसरंच काहीतरी आहे.

आणि साखर मीडियाबरोबर ऑटोक्लेव्ह करू नका. फॉस्फेट आणि ग्लुकोज एकत्र तापवलं की साखर बिघडते, पेप्टोन असेल तर मीडिया चहासारखा होतो. २०% चा स्टॉक वेगळा करा, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा, गार मीडियात घाला. मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम क्लोराइडही वेगळं ऑटोक्लेव्ह करून शेवटी, नाहीतर तळाशी पांढरा साका बसतो आणि पोरं त्याची ओडी घेतात.

पायरी आली, पण पुढे जिनाच नाही

पुढच्या आठवड्यात त्याने ०.०५% ने केलं. परत मेसेज: "ताई, ०.६ ला थांबला तो थांबलाच, रात्री आठपर्यंत बसलो होतो." ही मात्र भारी केस होती, कारण पोराने सगळं बरोबर केलं होतं. स्ट्रेन, म्हणजे ई. कोलायचा वाण, कुठला वापरला विचारलं तर म्हणे डीएच फाइव्ह अल्फा, फ्रीझरमध्ये तोच होता.

अरे बाबा, डीएच फाइव्ह अल्फा क्लोनिंगसाठी बनवलेला स्ट्रेन आहे. त्याचा लॅक ऑपेरॉनचा (लॅक्टोज वापरायच्या जीन्सचा एकत्र गट) मूळ भाग उडवलेला आहे आणि जो लॅक-झेड (लॅक्टोज तोडणाऱ्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज एन्झाइमचा जीन) परत घातलाय तो अर्धवट आहे, एम-फिफ्टीन डिलीशनवाला, म्हणूनच तर प्लास्मिडने (बाहेरून घातलेल्या डीएनएच्या छोट्या कड्याने) उरलेला तुकडा दिला की ब्ल्यू-व्हाइट स्क्रीनिंग, म्हणजे निळ्या-पांढऱ्या कॉलनींवरून क्लोन ओळखणं, जमतं. लॅक्टोज पचवायचं सामानच नाही त्याच्याकडे, तो लॅक्टोजसमोर बसून उपाशी मरेल. शिवाय त्याला थायमिन (बी-वन व्हिटॅमिन) बाहेरून लागतं, एम-नाइनमध्ये ते घातलं नसेल तर पहिला चढसुद्धा रडतखडत येतो (या पोराने घातलं होतं, शाबास).

लॅकचा प्रयोग करायचा तर ज्याचा लॅक शाबूत आहे असा के-ट्वेल्व्ह (लॅबमधल्या ई. कोलायचं एक घराणं) घ्या, एमजी सोळाशे पंचावन्न सगळ्यात सरळ. पुण्यात असून पोरं फ्रीझरमधल्या जुन्या व्हायलवर अवलंबून राहतात याचं मला नवल वाटतं, पाषाण रोडला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएमसारखं कल्चर कलेक्शन, म्हणजे सूक्ष्मजीवांचा साठा, आहे, कॉलेजच्या लेटरहेडवर रीतसर मागवता येतं. व्हायलवर नुसतं "ई. कोलाय" लिहिलेलं असेल तर ते कल्चर वापरायच्या आधी मॅकॉन्की अगारवर (लॅक्टोज वापरणारे त्यावर गुलाबी होतात) एक रेघ ओढा. गुलाबी कॉलनी आल्या तर पुढे जा.

दारावर नक्की काय चालतं

हे एकदा नीट समजून घेतलं की अर्ध्या चुका आपोआप कळतात, म्हणून इथे थोडा वेळ देते.

ई. कोलायला दोन पटलं. बाहेरच्या पटलात पोरिन नावाची भोकं, ग्लुकोज-लॅक्टोजएवढे रेणू त्यातून जातात. त्या भोकांना तसं काही पडलेलं नसतं कोण येतंय. खरं दार आतल्या पटलात. आणि इथे दोन साखरांचे दोन वेगळे रस्ते.

ग्लुकोज येतं पीटीएसमधून, फॉस्फोट्रान्सफरेज सिस्टिम, सॉल रोझमनच्या लॅबने १९६४ मध्ये शोधली. यात साखर आत येता येताच तिच्यावर फॉस्फेट लागतो, म्हणजे बाहेर ग्लुकोज होतं ते आत पडतं ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट म्हणूनच. फॉस्फेट कुठून? एटीपीकडून नाही, पीईपीकडून, फॉस्फोइनॉलपायरुव्हेट. तो फॉस्फेट एका प्रोटीनकडून दुसऱ्याकडे हातोहात पुढे सरकतो: पीईपीकडून एन्झाइम वन, तिथून एचपीआर, तिथून टू-ए, मग टू-बी, आणि शेवटी साखरेवर. पंगतीत वाढताना पातेलं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं ना, तसं. एका ग्लुकोजपासून ग्लायकोलिसिसमध्ये (पेशी साखर तोडते तेव्हा) दोन पीईपी तयार होतात, त्यातला एक पुढच्या ग्लुकोजला आत घ्यायला खर्च होतो. काटकसरीचं घर आहे.

लॅक्टोजचं दार वेगळं, लॅक-वाय, लॅक्टोज परमिएज. हे लॅक्टोजचा एक रेणू एका प्रोटॉनबरोबर आत घेतं. बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी, त्या उतारावरून प्रोटॉन घसरत येतो आणि लॅक्टोजला ओढून आणतो. लॅक्टोज जसं होतं तसंच आत येतं, काही बदल नाही.

आता गंमत त्या मधल्या टू-ए मध्ये आहे. ग्लुकोज धडाधड आत येत असतं तेव्हा टू-ए कडे आलेला फॉस्फेट लगेच पुढे जातो, त्यामुळे तो बहुतेक वेळ रिकाम्या हाताने असतो. आणि रिकाम्या हाताचा टू-ए जाऊन लॅक-वायला धरून बसतो, दार उघडूच देत नाही. याला इंड्यूसर एक्सक्लुजन म्हणतात (इंड्यूसर म्हणजे ऑपेरॉन चालू करणारा रेणू). माल्टोजचं दार चालवणारा मॅल-के आणि ग्लिसरॉल किनेज यांनाही तो असाच धरतो. ग्लुकोज संपलं की फॉस्फेट पुढे द्यायला कोणी उरत नाही, टू-ए वर फॉस्फेट तसाच राहतो, तो लॅक-वायला सोडतो आणि उलट अडेनिलेट सायक्लेजला जागं करतो, म्हणजे सायक्लिक एएमपी (ग्लुकोज संपल्याचा निरोप देणारा रेणू) वाढतं. एकच प्रोटीन, दोन्ही बातम्या तोच देतो.

व्हायवामध्ये एका मुलीने मला ग्लुट-फोर (माणसाच्या पेशीतलं ग्लुकोजचं दार) आणि इन्सुलिन सांगितलं होतं. हसू नका, बारावीपासून माणसाचं शरीर एवढं घोकलेलं असतं की ग्लुकोज म्हटलं की तेच येतं तोंडात. बॅक्टेरियाला इन्सुलिन नाही, आणि ई. कोलायचं ग्लुकोज आपल्या आतड्यासारखं सोडियमबरोबरही येत नाही. पीटीएसला "अॅक्टिव्ह ट्रान्सपोर्ट" लिहून मोकळं होऊ नका, ग्रुप ट्रान्सलोकेशन लिहा, कारण साखर आत येताना रासायनिकदृष्ट्या बदलते.

सगळं बिल सायक्लिक एएमपीवर फाडणं

ही चूक पोरांची कमी आणि आपल्या नोट्सची जास्त. नोट्समध्ये असतं: ग्लुकोज आहे, म्हणून सायक्लिक एएमपी कमी, म्हणून लॅक ऑपेरॉन बंद, ग्लुकोज संपलं, सायक्लिक एएमपी वाढलं, ऑपेरॉन चालू. वाचायला किती छान, जिन्याच्या पायऱ्या मोजल्यासारखं.

१९९६ मध्ये जपानमध्ये आइबांच्या गटाने हे सरळ मोजून बघितलं. ग्लुकोजवर वाढताना आणि नंतर लॅक्टोजवर वाढताना सायक्लिक एएमपीची पातळी जवळपास सारखीच निघाली, मधल्या थांब्यात तेवढी ती तात्पुरती वर जाते. आणि आयपीटीजी (लॅक्टोजसारखा कृत्रिम इंड्यूसर) घातलं किंवा रिप्रेसरच (डीएनएवर बसून ऑपेरॉन बंद ठेवणारं प्रोटीन) मोडलेला असला तर ग्लुकोज असतानाही लॅक-झेड बनतं, "आधी ग्लुकोज मग लॅक्टोज" हा हट्ट सुटतो. म्हणजे ग्लुकोज असताना लॅक्टोज आतच येत नाही, आत येत नाही म्हणून अॅलोलॅक्टोज बनत नाही, अॅलोलॅक्टोज नाही म्हणून रिप्रेसर डीएनएवरून उठत नाही. मुख्य अडवणूक दारावर, ऑपेरॉनपाशी नाही.

सायक्लिक एएमपी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये, ते नसेल तर लॅक प्रमोटर (ऑपेरॉन सुरू करायचं बटण) नीट चालतच नाही. पण डायऑक्सीचं (या दोन टप्प्यांतल्या वाढीचं) कारण विचारलं की पहिलं वाक्य इंड्यूसर एक्सक्लुजनचं पाहिजे. आता एक्स्टर्नल परीक्षक जुन्या वळणाचे असतील तर काय करायचं? दोन्ही लिहा, सायक्लिक एएमपी पण लिहा, पुण्यात वाद घालायला जागा भरपूर आहेत, परीक्षेचा हॉल त्यातली नाही.

बाय द वे, "लॅक्टोज हा इंड्यूसर आहे" हेही जपून. लॅक्टोज स्वतः रिप्रेसर उठवत नाही, बीटा-गॅलॅक्टोसिडेज त्यातल्या थोड्याचं अॅलोलॅक्टोज करतं आणि ते उठवतं. म्हणजे लॅक्टोजने इंडक्शन व्हायला थोडं दार आणि थोडं एन्झाइम आधीपासून असावं लागतं, आणि ते असतंच, ऑपेरॉन बंद असला तरी थेंबथेंब गळतो.

प्रोटीन एक्स्प्रेशनवाले (पेशीकडून हवं ते प्रोटीन बनवून घेणारे), तुमच्यासाठीही इथेच. लॅक्टोजवर चालणारं ऑटोइंडक्शन (ग्लुकोज संपलं की प्रोटीन बनणं आपोआप सुरू होतं ते) करताना स्टुडिअरच्या २००५ च्या मीडियात ग्लुकोज ०.०५%, लॅक्टोज ०.२%, ग्लिसरॉल ०.५% असं आहे, ते उगाच नाही. "वाढ जरा चांगली होऊ दे" म्हणून ग्लुकोज अर्धा टक्का करणारे लोक सकाळी प्रोटीनचा पट्टाच नसलेली रिकामी जेल बघतात, कारण रात्रभर दार बंदच राहतं. आणि लॅक-वाय उडवलेल्या स्ट्रेनला लॅक्टोज देऊन काही होणार नाही, तिथे आयपीटीजीच, ते परमिएजशिवायही आत झिरपतं.

छोट्या गोष्टी, पण यांनीच जास्त दिवस वाया जातात

प्री-कल्चर (फ्लास्कमध्ये टाकायला आधी वाढवलेलं कल्चर) कशावर वाढवलं ते बघा. रात्रभर लॅक्टोजवर वाढवलेलं कल्चर टाकलं तर परमिएज आणि एन्झाइम आधीच भरलेलं असतं, पायरी इवलीशी येते किंवा येतच नाही. एलबी या पौष्टिक मीडियामधून थेट टाकलं तर अमिनो अॅसिड सोबत येतात. एम-नाइन ग्लुकोजवर वाढवा, धुवा, मग टाका.

दर तासाला रीडिंग घेणारे, तुमची पायरी दोन रीडिंगच्या मध्ये निसटली असण्याची शक्यता खूप आहे. ०.४ ओडीच्या पुढे दर दहा-पंधरा मिनिटांनी घ्या, बॅचमधल्या दोघांनी डबे आलटून पालटून खा. फ्लास्क बाहेर काढून टेबलावर ठेवून गप्पा मारू नका, तेवढ्यात कल्चर गार होतं आणि हवा कमी पडते. साइड-आर्म फ्लास्क (न उघडता ओडी वाचता येते असे) असतील तर सोनं.

आणि गुरुवारी हा प्रयोग लावू नका, खरंच सांगते. आपल्याकडे गुरुवार म्हणजे दुरुस्तीच्या कामासाठी लाइट जायचा वार. एकदा एका बॅचच्या पाचही ग्रुपना पायरी आली, सगळ्यांना एकाच वेळी, पावणेदोनला. नुसत्या लॅक्टोजच्या कंट्रोललाही आली. सगळे खुश, मीही दोन मिनिटं खुश होते, मग शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, मगाशी लाइट गेली होती वीस मिनिटं, जनरेटर फक्त ऑफिसला आहे." शेकर थांबला होता. तरी एका ग्रुपने तोच ग्राफ जर्नलला चिकटवला.

ग्लुकोज संपलं का, हे बेनेडिक्टला विचारू नका

पायरीच्या जागी ग्लुकोज खरंच संपलंय का हे तपासायला पोरं सुपरनेटंट (पेशी खाली बसवून वरचं द्रव) काढून बेनेडिक्ट किंवा डीएनएसए या रिड्यूसिंग शुगरच्या टेस्ट करतात, आणि विटकरी रंग आला की म्हणतात ग्लुकोज आहे अजून. अहो, लॅक्टोजही रिड्यूसिंग शुगर आहे, ते फ्लास्कमध्ये भरपूर पडलंय, रंग येणारच. ग्लुकोज ऑक्सिडेजवाली टेस्ट लागते, रक्तातली साखर तपासायचं जीओडी-पीओडी किट पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतं तेच, ५०५ नॅनोमीटरला वाचायचं. ते लॅक्टोजकडे बघतही नाही. लघवीतली साखर बघायची पट्टी मी स्वतः करून पाहिली आहे, स्वस्त म्हणून, पण ०.०५% म्हणजे डेसिलिटरला फक्त ५० मिलिग्रॅम, एवढ्या कमी साखरेला ती पट्टी नीट दाद देत नाही. पैसे गेले.

एन्झाइम मोजायला गेलात आणि दार मोजून आलात

बीटा-गॅल अॅसेमध्ये ओएनपीजी हा लॅक्टोजसारखा रेणू घालतो, एन्झाइमने ते तोडलं की पिवळा रंग, ४२० ला वाचायचं. यात क्लोरोफॉर्मचे दोन थेंब आणि ०.१% एसडीएसचा एक थेंब कशासाठी असतो हे विचारलं की उत्तर येतं "प्रोटोकॉलमध्ये आहे म्हणून". ते पटल फोडायला असतं. नाही फोडलं तर ओएनपीजीला आत जायला परमिएजचीच वाट बघावी लागते, आणि मग आत एन्झाइम कितीही असो, रंग दाराच्या वेगाने येतो. दोन स्ट्रेनची तुलना करताना एकाचं दार अरुंद असेल तर तुम्ही लिहिणार एन्झाइम कमी, आणि ते चूक असणार.

एका मुलीची नळी मी स्वतः हातात घेऊन बघितली होती. पेशी घातल्या होत्या, बफर, ओएनपीजी, वीस मिनिटं झाली तरी रंग फिक्या लिंबू सरबताएवढाच. क्लोरोफॉर्म घातलाय म्हणाली. नळी उजेडात धरली तर क्लोरोफॉर्म तळाशी मण्यासारखा शांत बसला होता, वर पेशी आपल्या मजेत. व्हॉर्टेक्स केलंच नव्हतं. दहा सेकंद व्हॉर्टेक्स, पाच मिनिटं थांबणं, मग ओएनपीजी, असं परत केलं तर काही मिनिटांत पिवळंधमक.

सोडियम कार्बोनेटने रिअॅक्शन थांबवली की वरचं द्रव काढा, तळाचा क्लोरोफॉर्म क्युव्हेटमध्ये आणू नका, प्लास्टिकचं क्युव्हेट धुरकट होऊन बसतं. मिलर युनिटचा (एन्झाइमच्या मापाचा) हिशोब: ४२० च्या रीडिंगमधून ५५० च्या रीडिंगची १.७५ पट वजा करा, हजाराने गुणा, मग मिनिटं, मिलिलिटर आणि ६०० च्या ओडीने भागा. मिलिलिटरच्या जागी मायक्रोलिटर टाकणारा दरवर्षी एक तरी असतोच.

"लॅक्टोज निगेटिव्ह" म्हणजे एन्झाइम नाही?

नाही. मॅकॉन्कीवर कॉलनी रंगहीन आली याचा अर्थ एवढाच की लॅक्टोजपासून पुरेसं अॅसिड वेळेत बनलं नाही. शिगेला सोनेई हा बॅक्टेरिया घ्या, बीटा-गॅलॅक्टोसिडेज आहे पण लॅक्टोज आत घ्यायची सोय धड नाही, म्हणून चोवीस तासांत निगेटिव्ह, काही दिवसांनी पॉझिटिव्ह, आणि ओएनपीजी टेस्ट मात्र पॉझिटिव्ह. पॅरिसमध्ये जाक मोनो या शास्त्रज्ञाच्या मंडळींना असेच म्युटंट सापडले होते, आत एन्झाइम आहे आणि तरी लॅक्टोज वापरता येत नाही, त्यावरूनच १९५६ मध्ये परमिएज नावाची गोष्ट मांडली गेली.

सायट्रेटचंही तेच. सिमन्स सायट्रेटवर (यात कार्बनसाठी फक्त सायट्रेट असतं) ई. कोलाय टाकला तर मीडिया हिरवाच राहतो, कारण हवेत वाढताना तो सायट्रेट आत घेऊ शकत नाही. घेणाऱ्या प्रोटीनचा जीन त्याच्याकडे आहे, फक्त ऑक्सिजन असताना तो चालू नसतो. रिचर्ड लेन्स्कींनी १९८८ पासून अमेरिकेत ई. कोलायचे जे बारा फ्लास्क पिढ्यानपिढ्या चालवले, त्यातल्या एकात सुमारे ३१,५०० पिढ्यांनी हे जमलं, तो जीन दुप्पट होऊन दुसऱ्याच प्रमोटरच्या हाताखाली गेला म्हणून.

आणि हॉस्पिटल लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: फॉस्फोमायसिन. हे अँटिबायोटिक औषध ई. कोलायमध्ये शिरतं ते ग्लिसरॉल-फॉस्फेट आणि हेक्सोज-फॉस्फेटच्या दारांतून. यातलं दुसरं दार बाहेर ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट असेल तरच नीट उघडतं. म्हणून एमआयसी (बॅक्टेरियाची वाढ थांबवणारं औषधाचं सगळ्यात कमी प्रमाण) काढताना मीडियात मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट घालावं लागतं, औषधाच्या तयार डिस्कमध्ये ते आधीच असतं. ते विसरलात तर औषध बाहेरच उभं, आणि रिपोर्टवर "रेझिस्टंट". प्रॅक्टिकलचे मार्क गेले तर परत मिळतात, इथे पेशंटचं औषध बदलतं.

दह्याच्या बॅक्टेरियाला ई. कोलायचे नियम लावणं

प्रोजेक्ट म्हटलं की निम्मी पोरं घरचं दही घेऊन येतात, चांगलंय, पण चर्चेत परत सायक्लिक एएमपी. ग्राम-पॉझिटिव्ह मंडळींत, म्हणजे बॅसिलस, लॅक्टोकोकस वगैरेंमध्ये, कारभार सीसीपीए नावाच्या प्रोटीनकडे असतो, आणि एचपीआरवर सेरिन ४६ ला फॉस्फेट लागला की ते सीसीपीएला जाऊन मिळतं. सायक्लिक एएमपीचा तिथे संबंध नाही.

लॅक्टोकोकस लॅक्टिस लॅक्टोजसुद्धा पीटीएसमधून घेतो, आत येतं ते लॅक्टोज-फॉस्फेट, आणि ते तोडायला फॉस्फो-बीटा-गॅलॅक्टोसिडेज. साधं ओएनपीजी वापरलंत तर रंग येणार नाही आणि तुम्ही लिहिणार "लॅक्टोज वापरत नाही", जेव्हा की दूध समोर घट्ट झालेलं दिसतंय. स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलसची तऱ्हा आणखी निराळी, त्याचं दार एक लॅक्टोज आत घेताना एक गॅलॅक्टोज बाहेर टाकतं. पिझ्झावरचं चीज काही वेळा जास्त काळपट का होतं, त्यात या टाकून दिलेल्या गॅलॅक्टोजचा हात असतो.

तर त्या पोराचं काय झालं. तिसऱ्यांदा केलं, एमजी सोळाशे पंचावन्न, ०.०५ आणि ०.२, बुधवारी. पायरी आली, ०.५८ ला, चाळीस मिनिटांची. आणि लगेच पुढचा मेसेज: "ताई, दुसरा चढ पहिल्यापेक्षा आडवा आलाय, कुठे चुकलं?" त्याला विचारलं, ०.५ च्या पुढची सँपल डायल्यूट करून वाचलीस का? नव्हती केली. मीटर वर गेला की आकडे दाबतो, त्यामुळे चढ आहे त्यापेक्षा आडवा दिसतो. चार पट डायल्यूट करून परत वाचली, गुणून मांडली, चढ बराच उभा झाला पण तरी पहिल्याएवढा नाही. तो तसाच येतो, लॅक्टोजवर थोडा हळू वाढतो. म्हटलं आता ठेव तसाच, पट्टी लावून सरळ करू नकोस.